रस्ता ‘केला’, खड्डे मात्र ‘पडले’

पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात कुठलाही मराठी पेपर उघडा. झाड कोसळलं, भिंत खचली, नाला तुंबला, पूल वाहून गेला, रस्त्याला खड्डे पडले. सगळं आपलं आपणच झालेलं. मग चौकात या आणि मान वर करून फ्लेक्स वाचा. तोच रस्ता अमक्यांनी केला, तोच नाला तमक्यांनी रुंद केला, सभागृह बांधलं, दिवे बसवले. बरं ते कुणीतरी ‘करतं’, वाईट ते नुसतंच ‘होतं’.

गंमत म्हणजे यात कुणी खोटं लिहिलेलं नसतं. ‘खड्डे पाडले’ म्हटलं तर माणूस रात्री कुदळ घेऊन रस्त्यावर उतरला होता असं वाटेल. खड्डे पडतातच. पण पडणे आणि पाडणे यांच्यामध्ये मराठीत इतक्या पायऱ्या आहेत की, आपण कोणत्या पायरीवर उभे राहून बोलतोय ते बोलताना ध्यानातही येत नाही. क्रियापद दोन गोष्टी गुपचूप सांगून जातं: हे कुणी घडवलं, आणि ते त्याच्या मनात होतं का. जगातल्या बहुतेक भाषा या दोन्ही गोष्टी कुठे ना कुठे सांगतात, पण प्रत्येकीची पद्धत निराळी.

एक बरणी, पाच जबाब

गेल्या मे महिन्यात माझ्या बहिणीकडे लोणच्याची चिनी मातीची बरणी फुटली. (मीही ‘फुटली’च म्हणालो, बघा.) पाच वर्षांचा भाचा धावत आला. “मामा, बरणी फुटली.” कुणी फोडली? “कुणी नाय. ती फुटलीच.” मोठी भाची मागून ओरडली, “यानेच फोडली, मी बघितलंय!” बहिणीने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि कपाळावर हात मारला, “काय करून ठेवलंस हे!” आजी म्हणाली, “जाऊ दे गं, लेकराच्या हातून फुटली.” मेहुणे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “ओट्याच्या काठावर तूच ठेवली होतीस ना?” त्यानंतरचं संभाषण इथे देत नाही.

घटना एकच, फरशीवर पसरलेला खार एकच. ‘फुटली’ या क्रियापदाला एकटी बरणी पुरते. असं क्रियापद म्हणजे अकर्मक. ‘फोडली’ला फोडणाराही लागतो आणि फुटणारी वस्तूही, ते सकर्मक. शाळेत हे सगळ्यांनी घोकलंय. शाळेत न सांगितलेली गोष्ट म्हणजे आजीचं वाक्य या दोन्हींच्या मधलं आहे. त्यात लेकरू आहे, पण कर्ता म्हणून नाही. क्रियापद अकर्मकच ठेवलं आणि लेकराला ‘हातून’च्या दाराने हळूच आत घेतलं. हात त्याचे, बेत त्याचा नव्हे.

पटत नसेल तर वाक्यात ‘मुद्दाम’ घालून पाहा. ‘त्याने मुद्दाम फोडली’ चालतं. ‘त्याच्या हातून मुद्दाम फुटली’ हे कानाला लगेच खटकतं. ‘चुकून’ मात्र दोन्हीकडे बसतं: ‘त्याने चुकून फोडली’ असं आपण म्हणतो. म्हणजे ‘फोडली’ने हेतू सिद्ध होत नाही, पण उलट काही सांगितलं नाही तर ऐकणारा हेतू धरूनच चालतो. ‘हातून फुटली’ मात्र हेतूला दार लावून घेते.

फाटणे आणि फाडणे

पडणे-पाडणे, मरणे-मारणे, जळणे-जाळणे, गळणे-गाळणे, टळणे-टाळणे. स्वर लांबवला की करणारा हजर. ही युक्ती मराठीची नाही, ती संस्कृतातून आली आहे. पतति म्हणजे पडतो, पातयति म्हणजे पाडतो. स्वर लांबवण्याजोगा नसेल तर तो बदलतो: तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, फिटणे-फेडणे.

पण तुटणेमधल्या ‘ट’चा तोडणेत ‘ड’ का झाला? प्राकृतात आपोआप होण्याच्या रूपात ट जोडून यायचा: तुट्टइ, फुट्टइ. करण्याच्या रूपात तो एकटा, दोन स्वरांच्या मध्ये. जोडीतला ट टिकला. एकटा पडलेला ट मऊ होऊन ड झाला, जसा घोटकाचा घोडा झाला. म्हणजे ‘कुणी केलं’ याची खूण आज आपण एका ‘ड’मध्ये घेऊन फिरतो. भाच्याला अर्थात प्राकृत ठाऊक नाही, पण कोणता वर्ण टाळायचा हे त्याला बरोबर कळतं.

या एका वर्णाची किंमत किती, ते अमेरिकेत मोजलं गेलंय. फेब्रुवारी २००४ मध्ये सुपर बोल या तिथल्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात जस्टिन टिंबरलेक आणि जॅनेट जॅक्सन यांचं गाणं चालू असताना तिचा पोशाख छातीवरून निघाला. त्यावर अमेरिकेत मोठं वादळ उठलं. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या संशोधकांनी हाच प्रसंग घेऊन प्रयोग केला आणि २०१० मध्ये तो छापून आला. प्रसंगाचं वर्णन लोकांना वाचायला दिलं. काहींच्या कागदावर त्याने पोशाख ‘फाडला’ अशा अर्थाचं वाक्य, काहींच्या कागदावर पोशाख ‘फाटला’ अशा अर्थाचं. बाकी मजकूर जवळजवळ तोच. ‘फाडला’ वाचलेल्यांनी टिंबरलेकला जास्त दोष दिला आणि त्याने भरायचा दंडही निम्म्याहून अधिक वाढवला. ज्यांना प्रसंगाची चित्रफीत दाखवली होती, त्यांच्यावरही शब्दांचा परिणाम झालाच. डोळ्यांनी बघूनही.

जेवू दिलं, जेवायला लावलं, जेवू घातलं

आता करणाऱ्याच्या मागे असलेल्या करवित्याकडे येऊ. पोर जेवलं, इतकीच घटना घ्या. आईने त्याला ‘जेवू दिलं’: म्हणजे खेळ थांबवून त्याला जेवायचं होतं आणि तिने आडकाठी केली नाही. ‘जेवायला लावलं’: त्याला नको होतं. ‘भरवलं’: घास तिच्या हातचा. ‘जेवू घातलं’: यात माया आहे, शिवाय पाहुण्याला, वारकऱ्याला, दारी आलेल्यालाही तेच क्रियापद. दुसऱ्या कुणावर काम सोपवलं तर ‘भरवून घेतलं’. क्रियापदाला ‘व’ लावून दुसऱ्याकडून काम घडवणारं रूप बनतं, त्याला व्याकरणात प्रयोजक म्हणतात: बसवणे, झोपवणे, करवणे.

जपानीत यातली ‘करू दिलं’ आणि ‘करायला लावलं’ ही दोन टोकं क्रियापदाच्या एकाच ‘-सासेरु’ या शेपटीत सामावतात. पोराला जाऊ दिलं की जायला भाग पाडलं, हे मागचा-पुढचा संदर्भच सांगतो. तुर्की भाषा उलट डब्यांना डबे जोडत जाते: ओल्मेक म्हणजे मरणे, ओल्दुर्मेक म्हणजे मारणे, ओल्दुर्त्मेक म्हणजे कुणाकडून तरी मारवणे. हिंदीतही मरना, मारना, मरवाना अशी तीन घरं आहेत.

भाषाशास्त्रज्ञांच्या लक्षात आलेली एक गोष्ट मला फार आवडते. शब्दरचना जितकी आखूड, तितका कर्ता घटनेच्या जवळ. ‘पाडलं’ म्हणजे त्याने स्वतः ढकललं. ‘पडायला लावलं’ म्हणजे बहुधा काहीतरी युक्ती केली. ‘त्याच्यामुळे पडलं’ म्हणजे तो आसपास कुठेतरी होता. आणि ‘पडण्यास कारणीभूत ठरला’ असं वाक्य आलं की समजावं, आता फाइल उघडली आहे आणि माणूस त्या फाइलच्या पार टोकाला बसलाय.

याला एक अपवाद आहे आणि तो सत्तेचा आहे. ‘शाहजहानने ताजमहाल बांधला.’ त्याने एक वीटही उचलली नसेल, तरी क्रियापद आखूडच. हिंदीत निदान ‘बनवाया’ म्हणून मधल्या हजारो हातांची आठवण ठेवतात. मराठीतही ‘बांधवला’, ‘बांधून घेतला’ म्हणायची सोय आहे, पण इतिहासाच्या वह्यांत आपण सर्रास ‘बांधला’च लिहिलं. चौकातला फ्लेक्सही तेच करतो. डांबर पसरणाऱ्या, रोलरमागून चालणाऱ्या बायाबापड्यांना वगळून ‘रस्ता केला’.

हाताबाहेरचं

आजीच्या ‘हातून’कडे परत येतो, कारण खरी मौज तिथे आहे.

श्रीलंकेतली सिंहली ही नात्याने मराठीची लांबची बहीण. तिच्यात बहुतेक क्रियापदांची दोन रूपं असतात: ठरवून केलेल्या कामाचं एक, आणि आपोआप झालेल्याचं दुसरं. ‘मम नटनवा’ म्हणजे मी नाचतो. ‘मट नॅटेनवा’ म्हणजे, ताल असा आहे की पाय आपसूक थिरकताहेत. ‘मम’च्या जागी ‘मट’ आला, आणि ‘मट’ म्हणजे ‘मला’. नाच माझा, पण तो मी करत नाही; तो मला होतोय. कप चुकून फुटला तर सिंहली माणूस म्हणतो ‘मगे अतिन् कोप्पय बिन्दुणा’. मगे म्हणजे माझ्या, अत म्हणजे हात. माझ्या हातून कप फुटला! माझी आजी कोलंबोला गेली असती तर या एका वाक्यापुरतं तिला दुभाषी लागला नसता.

आपल्याकडेही ‘मला’ हेच काम करतो. मी हसलो, पण मला हसू आलं. मी बघितलं, पण मला दिसलं. मी ऐकलं, पण मला ऐकू आलं. भूक लागते, झोप येते, राग येतो, आठवण होते: सगळं ‘मला’. कोकणीत ‘म्हाका भूक लागल्या’, कन्नडमध्ये ‘ननगे हसिवागिदे’. ननगे म्हणजेही मलाच. मूळ घराणी वेगळी असूनही हा ‘मला’ भारतीय भाषांत सगळीकडे पसरलाय. शरीरात आणि मनात जे आपसूक येतं, त्याचे आपण कर्ते नव्हे, यजमान.

आता हे वाक्य नीट वाचा: नातू आजीला जिना चढवतो, कारण आजीला आता जिना चढवत नाही.

चढवतो, चढवत नाही. पहिला ‘व’ करवण्याचा. दुसरा ‘व’ जमण्याचा. अशा क्रियापदांना व्याकरणात शक्य क्रियापद म्हणतात. बघवत नाही, बोलवेना, राहवलं नाही. इथेही माणूस ‘आजी’ न राहता ‘आजीला’ होतो, म्हणजे भूक लागण्याच्या रांगेत जातो. जमणं हे आपल्या इच्छेच्या ताब्यात नसतं, म्हणून ते व्याकरणातही आपल्याकडे येतं, आपण त्याच्याकडे जात नाही.

मग चुकून होणं आणि जमणं, ही दोन्ही एकाच घरात कशी राहतात? हिंदीत ‘मुझसे गिलास टूट गया’ आणि ‘मुझसे चला नहीं जाता’: दोन्हीकडे तोच ‘से’. मराठीत ‘माझ्या हातून चूक झाली’ आणि ‘याच्या हातून काही व्हायचं नाही’: दोन्हीकडे तोच ‘हातून’. हा भारतीय योगायोग म्हणावा, तर फिलिपिन्सच्या तागालोग भाषेतही हेच. तिथे ‘बिनासाग को आंग बासो’ म्हणजे मी पेला मुद्दाम फोडला, आणि ‘नाबासाग को आंग बासो’ म्हणजे तो माझ्याकडून फुटला. पण हाच ‘ना-’ ‘नाबुहात को’ या शब्दांत आला की अर्थ होतो: मला उचलता आलं. तिकडे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लिलुएट या मूळनिवासींच्या भाषेतही एकच खूण ‘चुकून झालं’, ‘अचानक झालं’ आणि ‘करता आलं’ हे सगळं सांगते. अभ्यासकांनी तिला ‘ताब्याबाहेर’ असंच नाव दिलंय. या भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही. सगळ्यांना दिसलं ते इतकंच की ठरवणं एक आणि घडणं एक. मधली दोरी कधी तुटते (चूक होते), कधी नशिबाने जुळते (जमतं), कधी जुळतच नाही (जमत नाही).

बोलून गेलो, बोलून बसलो

एवढ्यावर मराठीचं भागत नाही. मुख्य क्रियापदाला शेजारी देऊन ती आणखी बारकावे काढते. ‘बोलून टाकलं’: मनावर ओझं होतं, उतरवलं. ‘बोलून ठेवलं’: पुढची सोय, जसं हॉलवाल्याशी बोलून ठेवलंय. ‘बोलून दाखवलं’: ऐकणाऱ्याला लागावं म्हणून. ‘बोलून गेलो’: ओघात निसटलं. ‘बोलून बसलो’: निसटलं, आणि आता निस्तरा.

आता ही वाक्यं ‘तो’ला लावा. त्याने बोलून टाकलं, त्याने बोलून ठेवलं, त्याने बोलून दाखवलं. पण तो बोलून गेला, तो बोलून बसला. ताबा होता तिथे ‘ने’ लागला. तोल गेला तिथे ‘ने’ गळला. नियम इतका सोवळा नाही, कारण ‘ने’ हा कर्त्याप्रमाणे साधनालाही लागतो (चाकूने, वाऱ्याने), आणि ‘मी’, ‘तू’ यांना तो लागतच नाही. ‘वाऱ्याने दार उघडलं’ यात वारा कर्ता आहे की साधन, हे तर सांगताच येत नाही, कारण उघडणे अकर्मकही आहे आणि सकर्मकही. तरी ‘बोलून’च्या या मालिकेत ‘ने’ ज्या शिस्तीने येतो-जातो, ती पाहण्यासारखी आहे.

बहिणीचं ‘करून ठेवलंस’ही आता नीट ऐकू येईल. ‘ठेवणे’ हे जपून, पुढच्यासाठी केलेल्या कामाचं क्रियापद. सांडलेल्या खाराला ते लावलं म्हणजे पोराने जणू निगुतीने, आईसाठी मुद्दाम मांडून ठेवल्याचा आरोप झाला.

म्हणजे ‘फुटली’ म्हणणारे आम्ही जबाबदारी टाळतो?

हा आक्षेप येतोच. इंग्रजी माणूस सरळ ‘मी फोडला’ म्हणतो आणि आपण ‘फुटला’ म्हणतो, म्हणून आपल्याकडे कुणी जबाबदारी घेत नाही, असं तत्त्वज्ञान मी लग्नाच्या पंगतीत दोनदा ऐकलंय.

त्यात थोडं तथ्य आहे, पण पंगतीत वाढतात तितकं नाही. स्पॅनिशमध्ये कप चुकून फुटला तर ‘माझा आपोआप फुटला’ अशा धर्तीचं वाक्य येतं. फॉसी आणि बोरोडित्स्की यांनी इंग्रजी, स्पॅनिश आणि जपानी बोलणाऱ्यांना अंडी फुटण्याचे, फुगे फुटण्याचे प्रसंग दाखवले, काही मुद्दाम केलेले, काही चुकून झालेले. मुद्दाम केलेल्यांत करणारा कोण होता, हे सगळ्यांना सारखंच आठवलं. चुकून झालेल्यांत मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांना तो जास्त आठवला. फरक आहे तो एवढाच. मुद्दाम करणाऱ्याला कुठलीही भाषा विसरत नाही.

शिवाय इंग्रजीलाही पळवाटा ठाऊक आहेत. जानेवारी १९८७ मध्ये इराणला शस्त्रं विकण्याच्या प्रकरणाबद्दल अध्यक्ष रोनाल्ड रेगन अमेरिकी संसदेपुढे म्हणाले ते ‘गंभीर चुका झाल्या’ असं. ‘केल्या’ नव्हे.

आणि ‘होणे’ दर वेळी लपण्यासाठीच येतं असंही नाही. जपानीत पाहुण्याला ‘मी चहा केला’ म्हणणं थोडं आगाऊपणाचं. ‘चहा तयार झाला’ या अर्थाचं वाक्य सभ्य. आपणही आतून हाक मारतो ती ‘चहा झालाय, या’ अशीच. केल्याचं श्रेय न घेणं हेही ‘होणे’चंच काम. लग्नाचं बघा. ‘त्यांचं लग्न झालं’ ऐकून कुणी मान वर करत नाही. ‘त्यांनी लग्न केलं’ म्हटलं की आमच्या आत्या विचारतात, “पळून?” भटजी लग्न लावतात, बाप करून देतो, मध्यस्थ जमवतो; नवरा-नवरीचं ते नुसतं होतं. यात जबाबदारीपेक्षा समाजरचनाच जास्त दिसते.

मग बातमीत कर्ता लिहायचा की नाही?

‘पूल कोसळला’ लिहिणारा बातमीदार ठेकेदाराला वाचवत असतो, असं समजून त्याच्यावर तुटून पडणं बरोबर नाही. रात्री दहाला त्याला एवढंच माहीत असतं की पूल होता आणि आता नाही. ‘पाडला’ लिहिलं तर सुरुंग लावला असा अर्थ होईल. कायदासुद्धा या पायऱ्या मोजूनच चालतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सदोष मनुष्यवधाची शिक्षा कलम १०५ मध्ये आहे. तिथे हेतू होता का, किंवा मरण ओढवेल याची जाणीव होती का, हे पाहतात. हयगयीने झालेला मृत्यू कलम १०६ मध्ये. जुन्या दंड संहितेत अशा हयगयीला जास्तीत जास्त २ वर्षांची कैद होती. आता ती ५ वर्षांपर्यंत जाऊ शकते, उपचार करताना घडलं असेल तर नोंदणीकृत डॉक्टरांना २ वर्षांपर्यंत. माणूस मेला, मारला, की हातून मेला, याच प्रश्नावर दोन्ही बाजूंचे वकील वर्षानुवर्षं भांडतात.

माझी तक्रार आहे ती ‘अनियंत्रित डंपरने दुचाकीस्वाराला चिरडले’ या वाक्याबद्दल. इथे ‘ने’ आहे, सकर्मक क्रियापद आहे, कर्ता म्हणून डंपर उभा आहे. चालक मात्र वाक्यातून उतरून निघून गेलाय. डंपर स्वतः चिडून धावला असं वाटायला लागतं. त्यापेक्षा ‘डंपरची धडक बसून दुचाकीस्वार ठार, डंपर अमुक चालवत होता’ हे सरळ आहे, आणि कुणाला गुन्हेगारही ठरवत नाही.

पुलाचंही तसंच. ‘कोसळला’ राहू द्या, ते खरंच आहे. त्याच्या खाली आणखी दोन वाक्यं हवीत: पूल कोणत्या साली कुणी बांधला, आणि शेवटची तपासणी कधी, कुणी केली. दोन्ही क्रियापदं सकर्मक, दोन्हींचे कर्ते कागदोपत्री नोंदलेले. बातमीदाराला ते रात्री दहाला मिळत नाहीत, हे मान्य. दुसऱ्या दिवशी दुपारी मिळतात.